एका पायावर उभे असताना

माझ्या पहिल्या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळेच चालते) फाइटच्या पहिल्या राउंडमध्ये, घंटा होऊन अर्धे मिनिटही झालेले नसताना, मी उजव्या पायाची लाथ समोरच्या मुलीच्या बरगड्यांवर मारली आणि ती नीट बसली, हे मला आधी आवाजावरून कळले. सरावाच्या बॅगवर हजारदा ऐकलेला तोच भरीव आवाज होता. बॅगवरून मात्र पाय परत येतो, आणि इथे तो आला नाही. मार सोसता सोसताच तिने डावा हात माझ्या पोटरीखालून घालून पाय काखेत आवळला होता आणि तिचे कपाळ माझ्या छातीच्या दिशेने येत होते. मी डाव्या पायावर दोन उड्या मारल्या, हात कुठे ठेवावेत हे मला सुचले नाही, तिने माझ्या उभ्या पायाच्या टाचेमागे आपला पाय अडकवला आणि मी पाठीवर पडले. त्या राउंडची उरलेली अडीच मिनिटे मी छत आणि तिचा खांदा यांखेरीज काहीही पाहिले नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. तेव्हापासून मी स्वतः आणखी काही सामने खेळले, पुढे नव्या मुलामुलींना पहिल्या सामन्यासाठी तयार करण्याचे कामही करू लागले, आणि तरीही लाथेविषयी मला जे काही कळले आहे, त्यातले बरेचसे त्या अर्ध्या मिनिटातच दडलेले होते, असे मला वाटते. त्या दिवशी माझी लाथ वाईट नव्हती, आणि हा मुद्दा मला आवर्जून सांगावासा वाटतो. मी किकबॉक्सिंगमधून आले होते आणि लाथ हीच माझी ओळख होती. ती वेगात गेली, जोरात लागली, तिचे तंत्र बरोबर होते. चूक होती ती वेळेची, अंतराची आणि मुख्य म्हणजे त्या आधी मी काहीही न केल्याची.

राउंडहाऊस किक, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मारताना शरीर काय करते ते एकदा सावकाश पाहावे. उभ्या पायाची टाच उचलली जाते, चवड्यावर पाय बाहेरच्या बाजूला वळतो, खुबा उघडतो, कंबर फिरते आणि या फिरण्याच्या शेवटी नडगीचा खालचा भाग लक्ष्यावर आदळतो. त्यात जोर येतो तो सगळ्या अंगाचे वजन एका दिशेने फिरल्यामुळे, आणि नेमक्या त्याच कारणाने, पाय जमिनीवरून सुटल्यापासून तो परत टेकेपर्यंत, आपल्याला दिशा बदलता येत नाही, मागे सरता येत नाही आणि कोणी ढकलले तर पाय रोवून उभे राहता येत नाही. ठोसा चुकला तरी दोन्ही पाय खाली असतात. लाथ लागली तरी एकच पाय खाली असतो. मराठीत ‘एका पायावर तयार असणे’ हे उत्साहाचे लक्षण मानले जाते, आणि नवखा खेळाडू केजमध्ये, म्हणजे लढतीच्या जाळीबंद रिंगणात, शिरतो तो अक्षरशः तसाच शिरतो. ‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ ही उमेद त्याच्याकडे भरपूर असते. ती उमेद असायलाच हवी. फक्त त्या एका पायावरच्या क्षणात समोरचा माणूस काय करू शकतो, याचा विचार त्याने आधी केलेला असावा.

किकबॉक्सिंगमध्ये हा क्षण पुष्कळसा सुरक्षित असतो. तिथे ग्लोव्ह मोठे आणि बंद असतात, पाय पकडून ठेवायला सहसा परवानगी नसते आणि पडलात तर रेफरी थांबवून पुन्हा उभे करतो. एमएमएचे ग्लोव्ह लहान असतात आणि बोटे मोकळी असतात. मोकळी बोटे पाय धरू शकतात, टाच ओढू शकतात, एका हाताने पाय आवळून दुसऱ्याने ठोसाही मारू शकतात. शिवाय पडल्यावर काहीच थांबत नाही. उलट समोरच्याचा आवडता खेळ तिथूनच सुरू होण्याची शक्यता असते. मला ही सगळी माहिती होती. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतींत, माझे पाय पकडलेही गेले होते. पण माझे साथीदार ओळखीचे होते, पाय धरून हसून सोडून देत होते, आणि त्या सोडून देण्याची मला सवय लागली होती. हा सरावातला सगळ्यांत घातक सौजन्याचा प्रकार आहे, असे मी आता मानते आणि माझ्या हाताखालच्या कोणालाही तो करू देत नाही. पाय धरला तर खाली पाडायचेच, हळू पाडा, पण पाडा.

पहिल्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडते, तिची पूर्वतयारी कितीही केली तरी ती घडतेच. घंटा होताच अंगात असे काही उसळते की अंतराचा अंदाज जातो. मी सरावात ज्या टप्प्यावरून लाथ मारत असे, त्याच्या वीतभर आतून ती मारली. नडगीऐवजी माझा गुडघ्याजवळचा भाग तिच्या कोपराखाली गेला आणि पाय आवळायला तिला हात लांबवावाही लागला नाही. लाथेसाठी जवळ असणे हे दूर असण्यापेक्षा वाईट. दूरवरची लाथ हवेत जाते, तोल सावरता येतो. जवळची लाथ समोरच्याच्या मिठीत जाते.

राउंडनंतरच्या एका मिनिटात सरांनी माझ्या मानेवर बर्फ धरला आणि फक्त तीन वाक्ये बोलले. “तुझी लाथ चांगली आहे, पण ती एकटी जाते आहे. आधी हात पाठव. आणि वर मारू नकोस, खाली मार.” त्यांनी ‘लाथ मारू नकोस’ असे म्हटले नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. नवख्याला घाबरवून लाथच बंद करायला लावणारे प्रशिक्षक मी नंतर पाहिले आहेत. त्यांचा खेळाडू मग फक्त ठोसे मारतो, समोरच्याला ते पाच सेकंदांत कळते आणि तो डोके खाली घालून निर्धास्तपणे पायांवर झेप घेतो. गुडघा किंवा नडगी मध्येच येऊ शकते ही भीती त्याच्या मनात राहिली नाही, तर त्याचे काम फार सोपे होते.

दुसऱ्या राउंडमध्ये मी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारला. तो लागला नाही, पण तिचे दोन्ही हात वर गेले आणि नजर माझ्या हातांवर खिळली. पुन्हा जॅब, त्यामागून क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, आणि क्रॉसचा उजवा खांदा पुढे गेलेलाच असताना उजव्या पायाची लो किक, म्हणजे समोरच्याच्या पायावर मारायची खालची लाथ. मी ती मांडीवर न मारता गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला मारली. ती काही देखणी लाथ नव्हती. तिच्या पुढच्या पायाकडे मी त्याआधी दोन श्वास पाहत होते: पंजा आत वळलेला, टाच जमिनीला चिकटलेली, सगळे वजन त्या पायावर, कारण ती टेकडाउनच्या, म्हणजे मला धरून खाली पाडण्याच्या, तयारीत होती. ज्या पायावर वजन असते तो पाय पटकन उचलता येत नाही, आणि उचलता आला नाही तर लाथ अडवता येत नाही. माझी लाथ बसली, पाय परत आला, आणि मी त्याच झटक्यात डावीकडे एक पाऊल बाहेर पडले. तिचा हात खाली आला, पण तिथे पाय नव्हता.

पोटरीवरच्या या लाथेला काफ किक म्हणतात. तिथला स्नायू मांडीसारखा जाड नसतो, आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूने, पायातल्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून, एक नस अगदी कातडीलगत जाते. पावलाचा चवडा वर उचलणे हे तिचे काम. तिथे मार बसला की पाऊल काही वेळ ऐकेनासे होते. जानेवारी २०२१ मध्ये एमएमएच्या व्यावसायिक लढतीत डस्टिन पॉरिएने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये हरवले, तेव्हा शेवट ठोशांनी झाला, पण त्याआधी पुढच्या पायाच्या पोटरीवर बसलेल्या लाथांनी मॅकग्रेगरची हालचाल खिळखिळी झाली होती. नवख्यांच्या दृष्टीने या लाथेचा मोठा गुण असा की ती खालून जाते. तिला पकडायचे तर समोरच्याला वाकावे लागते, आणि वाकलेले डोके हातांच्या टप्प्यात येते.

मी त्या राउंडमध्ये अशा पाच लाथा मारल्या. तिसऱ्या लाथेनंतर तिने टाच उचलून वजन मागच्या पायावर नेले, आणि मग जे झाले ते मला सर्वस्वी नवे होते: माझा जॅब लागू लागला. पुढच्या पायावर वजन टाकायला ती कचरत होती, त्यामुळे झेप घेता येत नव्हती, आणि झेप घेता येत नव्हती म्हणून मी जरा निवांत उभी राहू शकत होते. लाथेचा खरा परिणाम लाथ जिथे लागते तिथे दिसतोच असे नाही. कधी कधी तो दीड मिनिटाने आपल्या डाव्या हातात दिसतो. हे मला कोणी सांगितले असते तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते.

चौथी लाथ मात्र तिने अडवली. गुडघा वर उचलून नडगी किंचित बाहेर वळवली आणि माझी नडगी तिच्या गुडघ्याखालच्या टणक भागावर आदळली. आमच्या स्पर्धेत शिन गार्ड (नडगीवरची गादी) सक्तीचे होते, तरी ती कळ दातांपर्यंत गेली. २८ डिसेंबर २०१३ रोजी लास वेगासमध्ये अँडरसन सिल्वाची लो किक क्रिस वाइडमनने अशीच अडवली आणि सिल्वाच्या डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. सिल्वा हा या खेळाने पाहिलेल्या सर्वांत कुशल लढवय्यांपैकी एक. पुढे एप्रिल २०२१ मध्ये त्याच वाइडमनने युराया हॉलविरुद्ध सामन्याच्या सुरुवातीलाच लो किक मारली, ती अडली, आणि त्याच्याही पायाचे तसेच झाले. या दोन घटना मी नव्या मुलांना भीती घालण्यासाठी सांगत नाही. दोन्ही लाथांपुढे समोरच्याचा पाय मोकळा होता, त्याला बांधून ठेवणारा ठोसा आधी गेलेला नव्हता, एवढेच त्यांनी त्या दृश्यांत शोधावे असे मला वाटते. माझी चौथी लाथही अशीच होती. आधीच्या तीन लागल्या म्हणून मी हात न पाठवताच चौथी मारली होती.

लाथ कशाने मारायची याबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसीच्या, म्हणजे आज एमएमएची सर्वांत मोठी असलेल्या स्पर्धेच्या, पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्दो याने खाली पडलेल्या तैला तुलीच्या तोंडावर लाथ मारली, दात तुटले आणि त्यांतले काही तुकडे गोर्दोच्या पावलात रुतून बसले. तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. आज जमिनीवर टेकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथ मारणे हा प्रचलित नियमांनुसार फाउल आहे, आणि समोरचा अर्धवट पडलेला असताना उसळत्या रक्ताने पाय उचलला जाणे ही नवख्याच्या हातून सहज होणारी चूक आहे. जांघेत लागलेल्या लाथेचेही तेच. समोरच्याला सावरायला पाच मिनिटांपर्यंत वेळ मिळतो, आपली लय तुटते आणि पुन्हा तसे झाले तर गुण जाऊ शकतो. हौशी सामन्यांचे नियम तर सगळीकडे सारखे नसतात. कुठे डोक्यावरच्या लाथांना मनाई असते, कुठे गुडघ्यावर समोरून मारायच्या लाथेला. ते नियम वजन मोजण्याच्या दिवशी ऐकण्याऐवजी सराव सुरू करतानाच विचारून घ्यावेत. आणि पाऊल हे पंचवीसच्या वर लहान हाडांचे नाजूक काम आहे, ते कोपरावर आदळले तर आपलेच मोडते, हे गोर्दोच्या पावलाकडे पाहून लक्षात ठेवावे. मारायचे ते नडगीने.

समोर ढकलणारी लाथ, जिला आम्ही टीप म्हणतो, तिच्याबद्दल माझे मत इतरांपेक्षा जरा वेगळे आहे. नवख्यासाठी ती सर्वांत सुरक्षित लाथ असे पुष्कळजण सांगतात. ती अंतर राखते हे खरे, आणि धावून येणाऱ्याला पोटावर चवडा टेकवून थांबवण्यासारखे समाधान दुसरे नाही. पण दमल्यावर तिचा गुडघा पुरेसा वर येत नाही, पाय खालून तिरका जातो, आणि मग तो एक तर जांघेत लागतो किंवा समोरच्याच्या दोन्ही हातांत अलगद जाऊन बसतो. म्हणून मी माझ्या मुलांना ती पहिल्या राउंडमध्ये मनमुराद वापरू देते आणि शेवटच्या राउंडमध्ये जपून.

दमणे हा विषय लाथेपासून वेगळा काढताच येत नाही. मांडीचे आणि कमरेचे मोठे स्नायू लाथेसाठी जेवढे खर्ची पडतात तेवढे ठोशासाठी पडत नाहीत. पहिल्या सामन्यात श्वास आधीच अपुरा असतो. तिसऱ्या राउंडमध्ये माझी लाथ डोळ्यांदेखत मंद झाली होती, हे मला नंतर व्हिडिओत दिसले. त्या वेळी मात्र ती पूर्वीसारखीच वाटत होती. दमलेल्या शरीराची ही फसवणूक फार बारकाईने ओळखायला हवी. मी आता एक साधा ठोकताळा सांगते: लाथ मारल्यावर पाय आपल्या इच्छेने खाली ठेवला की तो नुसता पडला, हे बघ. पडू लागला असेल तर त्या राउंडपुरती वर जाणारी लाथ बंद.

त्याच तिसऱ्या राउंडच्या अखेरीस, साधारण चाळीस सेकंद उरले असताना, तिचा डावा हात खाली आला. पोटरीवरच्या लाथांच्या धसक्याने तो आपोआप खाली येऊ लागला होता. माझ्या उजव्या पायासमोर तिचे डोके उघडे होते आणि ते मला स्वच्छ दिसले. मी लाथ मारली नाही, क्रॉस मारला. तो लागला, ती मागे गेली, आणि सामना संपला. तीनपैकी दोन पंचांनी तिला विजयी ठरवले. पहिला राउंड निर्विवाद तिचा होता, दुसरा माझा, आणि तिसऱ्यात तिचे टेकडाउन बहुधा जड ठरले.

ती लाथ मारायला हवी होती का, हे मला कित्येकांनी विचारले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये यूएफसीत लिऑन एडवर्ड्सने कमारू उस्मानला पाचव्या राउंडचे मिनिटभरही उरलेले नसताना डोक्यावरच्या एका लाथेने पाडले, तेव्हा तर हा प्रश्न नव्याने आला. तो गुणांत मागे होता, मीही होते. पण ती लाथ पुन्हा पुन्हा पाहिली तर तिच्या आधी डावा हात गेलेला दिसतो, त्या हाताला चुकवण्यासाठी उस्मानने हलवलेले डोके दिसते, आणि ते डोके जिथे जाणार तिथेच डावा पाय पोहोचलेला दिसतो. तो पाय दमलेला असूनही आपल्या जागी उतरला असता, याची खात्री असलेल्या माणसाची ती लाथ होती. माझा पाय त्या वेळी पडत होता. डोके उघडे होते म्हणून मारावेसे वाटले, आणि पाय माझा नव्हता म्हणून मारले नाही. हरले तरी त्या रात्री मला झोप लागली ती या एका निर्णयामुळे, आणि त्याचे मोल मला आजही तेवढेच वाटते.

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकणारी एक मुलगी पहिल्या सामन्याच्या तयारीत होती. लाथ तिचीही चांगली आहे. “ताई, पहिली लाथ कधी मारू?” असे तिने विचारले, तेव्हा मी पॅड बाजूला ठेवले आणि तिला बरगडीवर मारायला सांगितले. ती लागली. मी पाय काखेत आवळला आणि तसाच धरून ठेवला. ती उड्या मारू लागली, तिची नजर पकडलेल्या पायावर होती आणि दोन्ही हात हवेत होते. मी तिला ढकलले, ती पडली, उठली, पुन्हा मारली, मी पुन्हा पकडली. सहाव्या की सातव्या खेपेला तिने पायाकडे पाहणे सोडले. तिचा उजवा हात माझ्या मानेमागे आला, डाव्याने तिने माझे मनगट धरले, पकडलेला गुडघा आत वळवून खाली दाबला, आणि उभ्या पायावर ती एवढी स्थिर झाली की मला टाच अडकवायला जागाच सापडेना. आम्ही दोघी घामाने निथळत होतो. मग तिने पाय खेचून घेतला, जमिनीवर ठेवला, आणि मी काही म्हणायच्या आत तिचा जॅब माझ्या कपाळाला लागला.